नारिंगी ताऱ्याकडे सरळ बघताना

तारांगणाच्या बाईंना समोरच्याकडे सरळ बघायची सवय नव्हती. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांच्या नवऱ्याने हे हेरलं होतं आणि तेव्हापासून तो चारचौघांत ते सांगत आला होता. "आमच्या हिने आजवर मला डोळा भिडवून पाहिलेलं नाही. कानाकडे बघून बोलते. आधी वाटलं, लाजते. मग कळलं, नोकरीचा दोष आहे."

नोकरीचा दोष होता हे खरंच. अंधुक तारा बघायचा असेल तर त्याच्यावर नजर रोखून चालत नाही. डोळ्याचा मधला भाग उजेडात हुशार आणि अंधारात ढ. कडेचा भाग अंधारात जागा असतो. म्हणून ताऱ्याच्या जरा बाजूला बघायचं, की तारा आपसूक उजळतो. घुमटाखाली खुर्च्यांमध्ये रेललेल्या शाळेच्या पोरांना बाई हे प्रत्येक खेळात सांगायच्या. "टक लावू नका रे. टक लावली की तारे बुजतात. शेजारी बघायचं, लक्ष मात्र त्याच्याकडे ठेवायचं." पोरं खिदळायची. मागच्या रांगेतली मोठी मुलं एकमेकांना कोपर मारायची. हे तंत्र त्यांना आधीच येत असावं.

बाई तारांगणात लागल्या त्या तिकिटाच्या खिडकीवर. आतलं निवेदन भिंतीपलीकडून ऐकून ऐकून त्यांच्या तोंडात बसलं. एकदा निवेदक घसा बसून घरी राहिले आणि बाहेर तीन बसगाड्या भरून मुलं आलेली. बाई आत गेल्या, माईक हातात घेतला आणि पुन्हा खिडकीवर बसल्याच नाहीत. अंधारात त्यांचा आवाज बदलायचा. घरी भाजी जळाल्याचं सांगतानाही त्यांचा आवाज चिरका लागे; घुमटाखाली तोच आवाज पांघरूण घातल्यासारखा मऊ होई. डाव्या हातात माईक, उजव्या हातात बाणाची बॅटरी. बॅटरीच्या काचेला बाणाच्या आकाराची फट होती. छतावर तो पिवळट बाण पडला, की दोनशे माना तिकडे वळायच्या. बाईंना आपला हात सगळ्यांत मोठा वाटायचा तो त्या क्षणी.

घुमटाच्या मधोमध मशीन. दोन काळे गोळे, मध्ये दांडा, एखाद्या प्रचंड मुंगळ्यासारखं. गोळ्यांना हजारो भोकं, आत दिवा. ते चालवणारे दादा बाईंच्याच वयाचे, बोलायला कंजूष. बाईंनी "आता रात्र होऊ द्या, दादा" म्हटलं की रात्र व्हायची, "आता पहाट" म्हटलं की पहाट. लोक म्हणत, या दोघांचं नवराबायकोपेक्षा चांगलं जमतं. दादांची बायको ते ऐकून म्हणाली होती, "जमणारच. त्यांना अंधारात एकमेकांची तोंडं बघावी लागत नाहीत."

जुनं मशीन आता निवृत्त व्हायचं होतं. त्याच्या जागी कॉम्प्युटरवरचं नवं येणार होतं. जाता जाता जुन्यावर एक नवा खेळ बसवा, असं संचालकांनी सांगितलं आणि बाईंनी विषय निवडला तो एका नारिंगी ताऱ्याचा. मृगाच्या पायाशी एक तेजस्वी तारा आहे. तिथून अंधुक ताऱ्यांची एक नदी वळणं घेत खाली उतरते. त्या नदीतला हा एक. सूर्यापेक्षा थोडा लहान, थोडा थंड. अभ्यासक त्याला बटुतारा म्हणतात. साडेदहा प्रकाशवर्षांवर, म्हणजे आकाशाच्या हिशेबात भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. आणि त्याच्याभोवती एक ग्रह.

"हा ग्रह अजून कोणी धड पाहिलेला नाही," बाई सांगायच्या. "मग कळलं कसं? तारा जरासा डुलतो, म्हणून. तुम्ही धाकट्या भावाचे हात धरून त्याला गरगर फिरवता, तेव्हा तुम्हीही थोडे मागे-पुढे होताच ना? तसा. तारा डुलतोय म्हणजे अंधारात कोणीतरी त्याचा हात धरून फिरतंय."

इथे पोरं हमखास गप्प व्हायची.

मशीनमधून अंधुक तारे सगळे पांढरेच पडायचे. या एका ताऱ्याला रंग हवा, असा बाईंचा हट्ट. दादांनी नाटकाच्या दिव्यांना लावतात तो नारिंगी जिलेटिनचा कागद आणला. त्याचा टाचणीच्या डोक्याएवढा तुकडा कापून, तो चिमट्याने त्या ताऱ्याच्या भोकावर बसवायचं ठरलं. खेळाचा शेवटही ठरला. आधी मुलांनी कडेने बघायचं, मग बाई म्हणणार, "आता मात्र सरळ बघा. रंग सरळ बघितल्यावरच कळतो."

हे सगळं ठरत होतं, त्याच दिवसांत बाईंच्या न्हाणीघरातल्या फरश्या फुगल्या.

"अहो, भिंतीची फरशी बघा. रेघ कशी वाकडी झालीय. आतून पाणी मुरतंय वाटतं."

नवऱ्याने भिंतीवरून हात फिरवला. "कुठे? आरशासारखी सपाट आहे."

"ही काय, इथे."

"तुला घर नवीन करून हवंय का? तसं सरळ सांग ना."

मग दाराची चौकटही मध्ये वाकली. विजेच्या खांबांना पोट आलं. बाई चष्मा पुसायच्या, पदराने, मग नवऱ्याने दिलेल्या मऊ फडक्याने. एका सकाळी तोंड धुताना डाव्या डोळ्यात साबण गेला. तो डोळा गच्च मिटून बाईंनी नुसत्या उजव्याने आरशात पाहिलं. आरशात त्यांचे केस होते, कान होते, कानातली होती, गळा होता. मध्ये चेहरा नव्हता. तिथे धुरकट काहीतरी होतं, कोणीतरी ओल्या बोटाने पुसून टाकल्यासारखं.

त्यांनी डावा डोळा धुऊन उघडला. चेहरा परत आला. बाईंनी टॉवेलने तोंड इतकं पुसलं, की गाल लाल झाले. मग बाहेर येऊन त्यांनी चहा टाकला आणि साखरेऐवजी मीठ टाकलं का, अशी शंका येऊन तो सगळा ओतून दिला. मीठ टाकलेलं नव्हतं.

आता कोणालाही वाटेल, की जिच्या नवऱ्याचं चष्म्याचं दुकान, तिने त्याच पावली जाऊन सांगावं. पण तिथेच तर सगळं अडलं. सांगायचं म्हणजे तो घाबरणार, डॉक्टरकडे नेणार, डॉक्टर काहीतरी नाव घेणार. मग ते नाव तारांगणात जाणार आणि संचालक गोड आवाजात म्हणणार, बाई, आता विश्रांती घ्या. ज्या बाईला स्वतःला तारा दिसत नाही, तिच्या हातात बाण कोण देणार? पण नाही सांगितलं आणि वाढलं तर? ही दोन टोकं बाईंना दिवसभर दोन्हीकडे ओढत राहायची. भाजी चिरताना, बसची वाट बघताना, सासूबाईंचं पाठ दुखण्याचं पुराण ऐकताना. अधूनमधून त्या हळूच डावा डोळा झाकायच्या आणि लगेच उघडायच्या. दुखऱ्या दाताला जीभ लावून बघावी, तसं.

शेवटी त्यांनी मधला मार्ग काढला. आपण सांगायचं नाही. दुकानात जायचं, डोळे तपासून घ्यायचे आणि नवऱ्यालाच कळू द्यायचं.

दुकानात तेव्हा गर्दी होती. नवऱ्याने त्यांना खुर्चीत बसवलं, डावा डोळा झाकला आणि समोरच्या तक्त्याकडे बोट केलं. "हं, वाच."

बाईंनी वाचलं. वरचं मोठं अक्षर, मग दोन, मग तीन. तोंड चालत राहिलं. सगळ्यात खालची ओळ, जिथे गिऱ्हाइकं हमखास अडखळायची, तीही त्यांनी घडाघडा म्हटली. म्हणून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की त्यांनी यातलं काहीच पाहिलं नव्हतं. तो तक्ता त्यांनीच भिंतीला लावला होता, दुकान नवं होतं तेव्हा. दर साफसफाईला त्यांनीच तो पुसला होता. शाळेतल्या प्रार्थनेसारखा तो त्यांच्या आत कुठेतरी बसला होता आणि हाक मारताच बाहेर आला होता.

"शाब्बास!" नवरा म्हणाला. "नंबर तोच. काही बदल नाही. तुझे डोळे माझ्या सासूबाईंवर गेलेत, त्यांना शेवटपर्यंत माझे दोष दिसायचे."

गिऱ्हाइकं हसली. बाईही हसल्या. आत्ता म्हणावं, अहो, मला पाठ आहे हे; तोंड उघडलंही होतं. पण नवरा पुढच्या माणसाच्या नाकावर फ्रेम बसवायला वळला होता. घरी येताना बाईंना हलकं वाटत होतं आणि त्या हलकेपणाची भीतीही वाटत होती. कॉपी करून पास झालेल्या मुलाला पेढे वाटताना वाटत असेल, तशी.

घरात सासूबाईंची नजर मात्र शाबूत होती. मोतीबिंदू काढून दोन्ही डोळ्यांत नवी भिंगं बसवलेली, त्यामुळे त्यांना जरा जास्तच दिसायचं. स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या जागेवरून त्या घराचा कारभार बघायच्या.

"सूनबाई, चहा बशीत का ओततेस? कपाने काय घोडं मारलंय?"

"हात हलला, आई."

"कालही हलला होता."

"काम असतं डोक्यात."

"असू दे, असू दे. मी काही बोलत नाही." हे वाक्य बोलून त्या आजवर पुष्कळ काही बोलल्या होत्या. त्या दिवसापासून बाई कपाच्या काठाला आतून बोट लावून चहा ओतू लागल्या. बोट भाजलं की कप भरला. सासूबाई मटार सोलत राहिल्या.

मग एका दुपारी डावा डोळाही फितूर झाला.

घुमटाखाली खेळाची तालीम होती. खुर्च्या रिकाम्या. दादांनी रात्र केली, मृग वर आणला. "बाई, रंग बघा बरं कसा वाटतोय."

बाईंनी सवयीने बाजूला पाहिलं. तारा दिसला. अंधुक, पांढराच. कडेच्या नजरेला रंग कळत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्यांनी नजर ताऱ्यावर आणली. तारा गेला. नजर हलवली, तारा आला. पुन्हा आणली, पुन्हा गेला. जणू तिथे कोणी फुंकर मारायला टपून बसलं होतं. बाईंनी बॅटरी विझवली.

"छान," त्या म्हणाल्या. "अगदी हवा तसा."

"बरं," दादा म्हणाले.

खेळ सुरू झाले. बाई बाण दाखवायच्या तो आता हाताच्या आठवणीवर. पायाची जागा, खांद्याचा कोन, मनगट किती वळवायचं. इतक्या वर्षांत हाताला आकाश पाठ झालं होतं. "हा पाहा," त्या म्हणायच्या आणि श्वास रोखून ऐकायच्या. खुर्च्यांमधून "हो, हो, दिसला!" आलं की श्वास सोडायचा. एकही खेळ चुकला नाही. बाईंना वाटू लागलं, की निभावेल. नवं मशीन येईपर्यंत निभावेल, पुढचं पुढे. रोज सकाळी उठल्या उठल्या त्या छताच्या पंख्याकडे सरळ बघायच्या. पंख्याची पाती असायची. मधला गोळा काही दिवस असायचा, काही दिवस नसायचा. पुढे पुढे तो नसलेलेच दिवस आले.

त्या दिवशी मुलींची एक शाळा आली होती. बाईंनी नदी दाखवली, ताऱ्याचं डुलणं सांगितलं, मुली गप्प झाल्या. "आता मात्र सरळ बघा," बाई म्हणाल्या आणि बाण टाकला.

"कुठे?" पुढच्या रांगेतून आवाज आला.

"बाई, तिथे काहीच नाहीये!"

"ए, मला पण नाही दिसत."

बाईंनी मनगट किंचित वळवलं. कुजबुज वाढली. डावीकडे न्यावा की उजवीकडे? एक शिक्षिका म्हणाली, "शांत राहा, बाई दाखवताहेत ना." आणि मग एकदम, "आला आला! नारिंगी!" सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या.

बाईंनी हात खाली घेतला. पण त्याच वेळी त्यांच्या डोळ्याच्या कडेला काहीतरी खटकलं. घुमटाच्या कडेने गावाच्या इमारतींच्या काळ्या आकृत्या कापून लावलेल्या होत्या. त्यात पाण्याची टाकी होती. या वेळी पश्चिमेचा एक ठळक तारा टाकीच्या बराच वर असायला हवा होता, रोज असायचा. तो टाकीच्या मागे गेला होता. त्याच्या शेजारचेही गेले होते. बाईंचा मध्य गेला होता, कडा नव्हत्या. कडेचं त्यांना आधीपेक्षाही चांगलं दिसत होतं. बाण ताऱ्याकडे गेलाच नव्हता. सगळं आकाश बाणाकडे आलं होतं.

मुली गेल्या. दिवे लागले. दादा मशीनवर कापड घालत होते.

"दादा, कधीपासून सरकवताय?"

त्यांनी कापडाचं टोक नीट केलं. "काय सरकवतोय?"

"मला वेडी समजू नका. टाकीवरचा तारा बुडाला आज."

दादा खुर्चीच्या हातावर टेकले. "तालमीच्या दिवसापासून. तुम्ही म्हणालात ना, रंग अगदी हवा तसा? तेव्हा मी कागद लावलाच नव्हता, बाई. विसरलो होतो. तारा पांढराच होता."

बाईंनी शेजारची खुर्ची चाचपली आणि बसल्या.

"पहिल्यांदा एखाद्या बोटाचा फरक पडायचा," दादा म्हणाले. "आकाश फिरवायची खुंटी हाताखालीच असते. जरा फिरवली की बसतो तारा बाणाखाली. म्हटलं, आपलं काय जातंय. तुम्ही माझ्या किती चुका झाकल्यात. मशीनचा दिवा गेला होता तेव्हा अर्धा तास गोष्ट सांगत बसला होतात पोरांना. पण मग फरक वाढायला लागला. आज इतकं आकाश ओढावं लागलं की मी घाबरलो. मला वाटत होतं मी मदत करतोय. मी तुम्हाला आणखी खोल ढकलत होतो."

"तुम्ही कोणाला बोललात?"

"तुम्ही हेच विचारणार, ठाऊक होतं मला. कोणाला नाही. पण नव्या मशीनला खुंटी नाही, बाई. ते कॉम्प्युटर सांगेल तिथेच तारा ठेवणार. तेव्हा मी काय करू? आणि ते राहू द्या. खेळ गेला खड्ड्यात. तुम्हाला रस्ता ओलांडता येतो का?"

"येतो. कडेने येतो."

"घरात चष्म्याचं दुकान आहे आणि तुम्ही कडेने रस्ता ओलांडताय," दादा म्हणाले. इतकं मोठं बोलणं त्यांच्याकडून बाईंनी कधी ऐकलं नव्हतं.

त्या तिथूनच दुकानात गेल्या. भर दुपार. आत एकच गिऱ्हाईक, टक्कल पडलेला एक गृहस्थ, आरशासमोर लाल फ्रेम लावून उभा. नवरा त्याला तरुण दिसत असल्याचं पटवत होता.

"अगं, तू? डबा विसरलो का मी?"

"माझे डोळे तपासा."

"आत्ताच तर तपासले."

"तो तक्ता मला पाठ आहे."

नवरा हसला. "पाठ तर मलाही आहे."

बाई हसल्या नाहीत. नवऱ्याचं हसणं चेहऱ्यावर जरा वेळ राहिलं असावं, बाईंना ते दिसलं नाही. आवाज थांबलेला मात्र कळला. त्याने ड्रॉवर उघडला, काहीतरी खरडलं. एक खोका त्यांच्यासमोर धरला. "हे काय लिहिलंय?"

बाईंनी बाजूला पाहिलं.

"कानाकडे बघू नकोस. सरळ बघ. माझ्या हाताकडे."

"सरळ बघितलं की हात जातो."

"जातो म्हणजे?"

"दिसत नाही. आणि तुमच्याकडे सरळ बघितलं की तुम्ही दिसत नाही. शर्ट दिसतो." त्यांचा आवाज चिरकला, घरच्यासारखा. "उजव्याने तर केव्हापासूनच नाही. आता डावाही चाललाय. मी सांगणार होते. त्या दिवशी तुम्ही शाब्बास म्हणालात."

खोका खाली पडला. लाल फ्रेमवाला गृहस्थ आरशात बघायचं सोडून त्यांच्याकडे बघत होता. नवऱ्याने खुंटीवरची किल्ली काढली. गिऱ्हाईक आत असताना त्याने दुकान कधी बंद केलं नव्हतं, वडील गेले त्या दिवशीही शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावरच केलं होतं.

"आणि माझी फ्रेम?" गृहस्थाने विचारलं.

"तीच घाला. छान दिसते. उद्या या." आणि मग शटर ओढताना, बाईंना ऐकू जाईल न जाईल असं, "मी शाब्बास म्हणालो."

डोळ्यांची डॉक्टर तरुण होती, बोलायला तोडून टाकणारी. तिने डोळ्यांत थेंब घातले, मशीनवर हनुवटी ठेवायला लावली, डोळ्याच्या पडद्याचे फोटो काढले. "सरळ बघा. सरळ म्हटलं ना, बाजूला नाही." बाईंना जमेना. अखेर तिने फोटो समोर ठेवले आणि नवऱ्याला दाखवत म्हणाली, "मधला भाग बघा. उजव्या डोळ्यात जुना व्रण आहे. तिथे आता काही होणार नाही. डाव्यात पाणी साठतंय, पण हे ताजं आहे. डोळ्यात इंजेक्शनं देऊ. थांबेल किंवा थोडं परतही येईल. किंवा नाही येणार. काही आठवडे गेल्याशिवाय मी काही सांगू शकत नाही." मग बाईंकडे वळून, "उजव्याचं इतके दिवस कळलं कसं नाही तुम्हाला?"

बाईंनी घुमटाचं सांगितलं, कडेने बघायचं. डॉक्टरच्या हातातलं पेन थांबलं.

"बाकीच्यांना आम्ही हे मुद्दाम शिकवतो," ती म्हणाली. "मधलं गेल्यावर कडेने कसं बघायचं ते. तुम्ही आधीच शिकून बसला होतात. त्यामुळे डोळा जात होता आणि तुम्हाला गैरसोयच झाली नाही." नवऱ्याकडे बघून तिने विचारलं, "तुमचा व्यवसाय?"

नवरा म्हणाला, "दुकान आहे." कशाचं ते त्याने सांगितलं नाही.

सुई डोळ्याकडे येताना दिसू नये म्हणून बाईंना वर बघायला सांगितलं होतं. त्यांना कडेने ती नीट दिसली.

घरी सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. डोळ्यावर पट्टी बांधून बसलेल्या सुनेच्या हातात त्यांनी कप दिला, तिची बोटं काठाभोवती नीट बसवली. "मला कळलं होतं गं," त्या म्हणाल्या. "बोट घालून चहा कोण ओततं? पण चष्मेवाल्याच्या घरात मी म्हातारीने काय डोळ्यांचं सांगायचं, म्हणून गप्प बसले. एकदा तरी बोलायला हवं होतं." आणि मग त्या खरोखरच काही बोलल्या नाहीत. हे घरात प्रथमच घडत होतं आणि बाईंना त्याने जास्त भीती वाटली.

नवरा त्या आठवड्यात कमी बोलला. रात्री जेवताना तो मध्येच विचारायचा, "आत्ता? आत्ता दिसतो का मी?" बाई म्हणायच्या, "जेवा हो." दुकानातला तक्ता त्याने काढून टाकला आणि दुसरा लावला. बाईंना त्याने तो पाहूच दिला नाही.

संचालकांना बाईंनी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी पाणी मागवलं, पंखा वाढवला, वाईट वाटल्याचं सांगितलं. नव्या मशीनला निवेदनही रेकॉर्ड केलेलंच लागणार होतं म्हणे. "बघू, तुमचाच आवाज घेऊ," ते म्हणाले. त्या 'बघू'चं वजन बाईंना कळलं. "राहता राहिले हे शेवटचे काही खेळ. बाण कोण दाखवणार?"

दारात दादा उभे होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. "मी दाखवतो. एक हात मशीनवर, एक हात बाणावर. जमेल."

"आणि जमलं नाही तर?"

"तर बाई गोष्ट सांगतील," दादा म्हणाले.

दुसरं इंजेक्शन झाल्यावर बाई घुमटात परत आल्या. डाव्या डोळ्याचं अजून काही कळत नव्हतं. सकाळी पंख्याचा गोळा दिसल्यासारखा वाटला होता, पण वाटणं आणि दिसणं यांतला फरक त्यांना आता सांगता येईनासा झाला होता. नवऱ्याला त्यांनी त्याबद्दल काही सांगितलं नाही, उगाच आशेला लागायचा. तो मागच्या रांगेत तिकीट काढून बसला होता. इतक्या वर्षांत खेळ बघायला तो प्रथमच आला होता.

हातात बॅटरी नव्हती. मोकळ्या उजव्या हाताचं काय करावं ते बाईंना सुचेना. त्यांनी तो मशीनच्या कठड्यावर ठेवला. दादांनी रात्र केली. पोरं ओरडली, मग सरावली. नदी झाली, डुलणारा तारा झाला, अंधारातला ग्रह झाला. दादांचा बाण गेला आणि थांबला.

"आता सरळ बघा," बाई म्हणाल्या. "कोणता रंग दिसतो?"

हा प्रश्न त्या नेहमी विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायच्या; उत्तर त्यांना माहीत असायचं. आज त्या थांबल्या. मान वर करून त्यांनीही सरळ बघितलं. तिथे काळं होतं. काळ्यात काही होतं का? थरथरतंय असं वाटलं. ते डोळ्यातलं पाणीही असेल.

"पांढरा," एक मुलगा म्हणाला.

"पांढरा काय, पिवळा आहे!"

"बाई, गाजरासारखा आहे."

"नाही, फिकट. विझत आलेल्या निखाऱ्यासारखा."

"मला तर दिसतच नाहीये," मागच्या रांगेतून मोठ्या माणसाचा आवाज आला. "कुठे बघायचं ते सांगा ना."

पोरं हसली. चार-पाच जणांनी एकदम त्याला समजवायला सुरुवात केली. मृगाच्या त्या तीन ताऱ्यांवरून खाली या काका, नाही हो, तो नाही, त्याच्या डावीकडे. बाई ऐकत होत्या. खेळाची वेळ होत आली होती आणि मशीनवरून दादांचा हात पहाटेच्या बटणाकडे गेलेला त्यांना कडेने दिसला.

"दादा, थांबा," त्या माईक बाजूला करून म्हणाल्या. "इतक्यात उजाडू देऊ नका."